डोक्याच्या मागच्या बाजूचा मार

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बुलोन शहरात ब्रिटिश सैन्याची मोठी रुग्णालयं होती. आघाडीवरून आगगाडीने आणलेले जखमी तिथे उतरवले जात. डोक्याला गोळी किंवा तोफगोळ्याची कपची लागलेल्यांची तपासणी गॉर्डन होम्स करत. होम्स आयरिश. दृष्टी अधू म्हणून सैन्याने त्यांना आधी नाकारलं होतं. ते रेडक्रॉसच्या रुग्णालयाबरोबर फ्रान्सला गेले आणि पुढे त्याच सैन्याने त्यांना मेंदूविकारांचे सल्लागार म्हणून घेतलं. त्या वेळचं ब्रिटिश शिरस्त्राण डोक्यावर उंच बसायचं. टाळू झाकली जायची, पण मानेच्या लगेच वरचा भाग उघडाच राहायचा. त्यामुळे कवटीच्या मागच्या, खालच्या भागात जखम झालेले अनेक तरुण होम्स यांच्या हाताखालून गेले. त्या भागात असतो लहान मेंदू.

या जखमींबद्दल होम्स यांनी १९१७ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात दीर्घ निबंध लिहिला, १९२२ साली लंडनला त्याच विषयावर व्याख्यानं दिली. आजही वैद्यकीय विद्यार्थी लहान मेंदूची जी लक्षणं पाठ करतात, ती बरीचशी तिथून आलेली आहेत. पण त्या लिखाणात एक गोष्ट इतकी सहज येते की वाचणारा तिच्यावरून पुढे निघून जातो. हे सैनिक बोलत होते. लहान मेंदूतून गोळी आरपार गेलेला माणूस काही आठवड्यांनी खाटेवर बसून डॉक्टरला सांगत होता की त्याचा डावा हात आपोआप चालतो, उजव्या हाताची मात्र प्रत्येक हालचाल आधी डोक्यात आखावी लागते. त्याला सगळं समजत होतं, आठवत होतं, आणि स्वतःच्या बिघाडाचं वर्णन तो नेमक्या शब्दांत करत होता.

आता दुसरा रुग्ण पाहा. मोटारसायकलवर मागे बसलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा गतिरोधकावर उडतो आणि पाठीवर पडतो. डोक्याची मागची बाजू डांबरावर आपटते. गोळी नाही, कवटीला भोक नाही. पण मुलगा तीन आठवडे बेशुद्ध. सीटी स्कॅनच्या अहवालात एक ओळ असते: लहान मेंदूत रक्तस्राव आणि सूज. आयसीयूच्या दाराबाहेर बसलेले काका-मामा ती ओळ पुन्हा पुन्हा वाचतात आणि त्यांचा समज होतो की शुद्ध लहान मेंदूत असते, तोच जखमी झाला, म्हणून मुलाची शुद्ध गेली.

असे रुग्ण आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयात सापडतील. होम्स यांचा सैनिक आणि हा मुलगा, दोघांच्या दुखापतीचं ठिकाण एकच. मग एक जागा आणि दुसरा बेशुद्ध, असं का? या प्रश्नाचं उत्तर कळलं तर पहिल्या तासांत काय करायचं आणि शुद्धीवर आल्यावर त्या माणसाशी कसं वागायचं, हे दोन्ही कळतं.

मानेवरून बोटं वर नेली की कवटीला मागे मधोमध एक हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या खाली, मानेचे स्नायू कवटीला जिथे चिकटतात, तिथे आतल्या बाजूला लहान मेंदू आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. वजन साधारण दीडशे ग्रॅम, म्हणजे एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाइतकं. पण पेशी मोजल्या तर चित्र उलटं दिसतं. ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली माणसाच्या मेंदूतल्या चेतापेशींचा हिशेब मांडला, तेव्हा एकूण ८६ अब्ज पेशींपैकी ६९ अब्ज लहान मेंदूत निघाल्या. ज्या बाह्यपटलाच्या जोरावर आपण विचार करतो, बोलतो, त्यात फक्त १६ अब्ज.

त्यातल्या सर्वांत देखण्या पेशींचं वर्णन चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ साली प्रागमधल्या परिषदेत केलं. त्यांच्याच नावाने त्या ओळखल्या जातात. वहीत दाबून ठेवलेल्या पिंपळपानाची जाळी उरावी, तशी ही पेशी दिसते: सगळा फांद्यांचा पसारा एकाच सपाट पातळीत. अशा एकेका पेशीवर लाखाहून अधिक बारीक तंतूंचे संदेश येऊन टेकतात. हात कुठवर गेला, डोळ्यांना काय दिसतं, तोल कुठे झुकतो, मोठ्या मेंदूने कोणता हुकूम दिला, हे सगळं इथे येतं आणि त्यातून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधला जातो. कपाकडे हात नेताना तो कपाच्या आधी थांबत नाही आणि पुढे जाऊन आपटतही नाही, हे श्रेय या अंदाजाचं.

एवढ्या पेशी, एवढं काम, आणि तरी शुद्धीशी त्यांचा संबंध जवळजवळ नाही. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ प्येर फ्लुराँस यांनी १८२४ साली कबुतरांचा लहान मेंदू काढून टाकून पाहिला होता. पक्षी जागे होते, त्यांना दिसत होतं, ऐकू येत होतं, ते उडायची धडपडही करत होते, पण पंख आणि पाय यांचा मेळ बसत नव्हता. माणसातला पुरावा याहून थक्क करणारा आहे. चीनमध्ये २४ वर्षांची एक विवाहित बाई चक्कर आणि उलट्यांची तक्रार घेऊन रुग्णालयात आली. स्कॅनमध्ये लहान मेंदूच्या जागी नुसतं पाणी दिसलं. तो जन्मतःच नव्हता. ती उशिरा चालायला लागली होती, उशिरा बोलायला लागली होती, चाल थोडी अस्थिर होती. पण ती संसार करत होती. तिच्याबद्दलचा शोधनिबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. इटालियन वंशाचे शास्त्रज्ञ ज्युलिओ टोनोनी याचं स्पष्टीकरण असं देतात की लहान मेंदूतले पेशींचे गट एकमेकांपासून वेगळे राहून आपापलं काम करतात. मोठ्या मेंदूत जशी सगळ्यांची सगळ्यांशी देवघेव चालते, तशी इथे चालत नाही. हे स्पष्टीकरण सगळ्यांना मान्य आहे असं नाही, पण ज्या निरीक्षणावरून ते निघालं त्याबद्दल वाद नाही.

मग त्या मुलाची शुद्ध गेली कशाने? शेजाऱ्यामुळे.

लहान मेंदूच्या अगदी पुढे, त्याला जाड तंतूंच्या तीन जोड्यांनी जोडलेलं मेंदूचं खोड आहे. डॉक्टर त्याला ब्रेनस्टेम म्हणतात. जाडीला अंगठ्याहून फार मोठं नाही. श्वास, हृदयाची गती, गिळणं, डोळ्यांची हालचाल यांची केंद्रं त्यात आहेत. शिवाय त्याच्या गाभ्यातून पेशींचं एक जाळं वर जातं. १९४९ साली ज्युझेप्पे मोरुझ्झी आणि होरेस मॅगून यांनी भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूत या जाळ्याला विजेचा सौम्य झटका दिला, तेव्हा मेंदूच्या विद्युत आलेखातल्या झोपेच्या संथ लाटा जाऊन जागेपणीच्या जलद, बारीक लाटा उमटल्या. मोरुझ्झी मुळात लहान मेंदूचे अभ्यासक, पुढे त्यांनी त्यावर मोठा ग्रंथही सिद्ध केला. पण त्यांचं नाव राहिलं ते या शोधाने. मोठ्या मेंदूला जागं ठेवणारा पुरवठा खोडातून वर जातो, आणि तो तुटला तर वरचा मेंदू धडधाकट असूनही माणूस जागा होत नाही.

आता जागेची अडचण लक्षात घ्या. लहान मेंदू आणि खोड कवटीच्या तळाशी एका अरुंद खोलगट कप्प्यात बसलेले आहेत. भोवती हाड. वर ताणलेल्या जाड पडद्याचं छत, त्याला पुढे एकच फट. खाली कवटीचं मोठं छिद्र, ज्यातून मज्जारज्जू मानेत उतरतो. मोठ्या मेंदूत थोडा रक्तस्राव झाला तर त्याला सरकायला थोडी तरी जागा असते. इथे ती नाही. लहान मेंदूत रक्ताची गाठ झाली किंवा सूज आली की तो पुढे खोडावर रेटला जातो.

तेवढ्यावर भागत नाही. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये रोज सुमारे अर्धा लिटर पाणी तयार होतं आणि वाहून शोषलं जातं. त्याची बाहेरची वाट खोड आणि लहान मेंदू यांच्या मधल्या पोकळीतून जाते; तिच्या वरची नळी जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद. लहान मेंदू सुजला की ही वाट दाबली जाते, पाणी वर तुंबतं, मोठ्या मेंदूतल्या पोकळ्या फुगतात आणि दाब सगळीकडे वाढतो. शेवटी लहान मेंदूचा खालचा भाग त्या मोठ्या छिद्रातून मानेकडे उतरायला लागतो. श्वासाचं केंद्र नेमकं तिथे आहे. तासाभरापूर्वी पाणी मागणाऱ्या रुग्णाचा श्वास अचानक थांबतो, तो असा. रक्तदाब चढत जाणं आणि नाडी मंदावणं ही त्याआधीची खूण. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ती नोंदवली. रक्तदाब वाढला म्हणून उतरवायचं औषध देण्यापूर्वी डोक्याला मार लागला होता का, हे विचारावं लागतं, ते यासाठी.

डोक्याच्या मागच्या हाडाला तडा गेला तर आणखी एक धोका असतो. त्या हाडाच्या आतून मोठी नीला जाते. ती फाटली तर रक्त संथपणे साचतं. संथपणे, म्हणून फसवं. माणूस उठून बसतो, कपडे झटकतो, घरी फोन करतो. डोकं ठणकतं, दोन उलट्या होतात, मान अवघडते, आणि घरचे म्हणतात, झोपू दे जरा. ही झोप मोडून पाहावी लागते. वेळेत स्कॅन झाला आणि शस्त्रक्रिया झाली तर अशा रुग्णांतले कित्येक पूर्ण बरे होतात. शल्यविशारद मानेच्या वरच्या हाडाचा तुकडा काढून रक्त बाहेर काढतात, तुंबलेल्या पाण्यासाठी नळी घालतात. गाठ ३ सेंटीमीटरहून मोठी असेल किंवा शुद्ध ढळत असेल तर बहुधा थांबत नाहीत. मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये इतक्या झटपट फरक दाखवणाऱ्या शस्त्रक्रिया फार थोड्या आहेत.

पण सगळ्याच बेशुद्धींचं कारण दाब नसतं. काहींचा स्कॅन पाहिला तर गाठ लहान, सूज बेताची, आणि माणूस मात्र महिनाभर डोळे उघडत नाही. इंग्लंडमध्ये सबिना स्ट्रिच या विकृतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५६ साली अशा रुग्णांच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. अपघातानंतर ते कधीच नीट शुद्धीवर आले नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना मेंदूभर पसरलेले तुटके तंतू दिसले. डोकं वेगाने फिरून एकदम थांबलं की मेंदूचे जड आणि हलके थर वेगवेगळ्या गतीने सरकतात, आणि त्यांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात. मोठ्या मेंदूचे दोन अर्धे जोडणारा पट्टा, खोडाचा वरचा भाग आणि लहान मेंदूतून वर जाणारा तंतूंचा जुडगा या त्यांच्या ठरलेल्या जागा. म्हणजे ज्या झटक्याने शुद्ध जाते, त्याच झटक्याने लहान मेंदूची वाटही तुटते. म्हणून अहवालातली ती एक ओळ एकटी वाचू नये. लहान मेंदूत रक्ताची गाठ होणं तसं दुर्मीळच, डोक्याला मार लागलेल्या शंभरात एकालाही ती होत नाही. गुळगुळीत हाड आणि मानेचे जाड स्नायू त्याला बरंच राखतात. ती झाली आहे याचा अर्थ धक्का मोठा होता, आणि बाकीच्या मेंदूने काय सोसलं हे एमआरआय करून पाहायला हवं. साध्या सीटीत कानामागच्या जाड हाडांमुळे या कप्प्याचं चित्र नीट येतही नाही.

आयसीयूत रोज सकाळी एक आकडा लिहिला जातो. नातेवाइकांनी तो समजून घ्यावा असं मला फार वाटतं, कारण ‘काही फरक आहे का’ या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर त्यात असतं. १९७४ साली ग्लासगोच्या ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ही मोजपट्टी तयार केली. डोळे उघडण्याला १ ते ४, बोलण्याला १ ते ५, हालचालीला १ ते ६. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याहून कमी म्हणजे कोमा. डॉक्टर आधी नावाने हाक मारतात. प्रतिसाद नसेल तर नखाच्या मुळाशी पेन दाबतात किंवा खांद्याचा स्नायू चिमटतात. नातेवाइकांना ते क्रूर वाटतं. पण रुग्ण दुखणाऱ्या जागेकडे हात नेऊन ते बोट दूर ढकलतो, की नुसता हात ओढून घेतो, की कोपरातून हात ताठ करून आत वळवतो, यात मेंदूच्या वेगवेगळ्या पातळ्या बोलत असतात. घशात नळी असल्यामुळे बोलण्याचे गुण देता येत नाहीत, म्हणून आकड्यापुढे एक अक्षरी खूण करतात.

कोमा वर्षानुवर्षं चालतो, हा सिनेमाने रुजवलेला गैरसमज. खरा कोमा, म्हणजे डोळे मिटलेले आणि कशालाच प्रतिसाद नाही, सहसा दोन ते चार आठवड्यांत संपतो. त्यानंतर एक तर माणूस जातो, शुद्धीवर येऊ लागतो, किंवा डोळे उघडतो पण त्या डोळ्यांत ओळख नसते. या शेवटच्या अवस्थेला जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी १९७२ साली नाव दिलं. घरच्यांसाठी सर्वांत कठीण काळ तो. डोळे उघडले म्हणून पेढे वाटायचे, की धीर धरायचा? इथे डॉक्टरांचं एक साधं साधन कामाला येतं. ते रुग्णासमोर हातातला आरसा धरतात आणि हळूहळू सरकवतात. बोट किंवा पेन सरकवलं तर जे डोळे हलत नाहीत, ते स्वतःच्या चेहऱ्यामागे कधी कधी हलतात. डोळे आरशाच्या मागे गेले तर आत कोणीतरी पाहतंय. हाकेचंही तसंच: हाक मारायचीच तर घरात ज्या नावाने हाक मारतात तीच मारावी.

आत कोणीतरी असणं, पण बाहेर काहीच न दिसणं, हेही घडतं. एड्रियन ओवेन यांनी २००६ साली कुठलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळत असल्याची कल्पना कर. तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल उमटली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या रुग्णांच्या अभ्यासात हाकेला प्रतिसाद न देणाऱ्या दर चार रुग्णांमागे एकाच्या मेंदूत असा प्रतिसाद सापडला. हे वाचल्यापासून बेशुद्ध माणसाच्या खाटेशेजारी उभं राहून ‘याचं काही खरं नाही’ असं कोणी बोललं की मला ते सहन होत नाही.

आणि या काळात औषधापेक्षा हातांचं काम जास्त असतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, घशातल्या नळीतला कफ काढणं, सांधे आखडू नयेत म्हणून हलवणं, नाकातल्या नळीने मोजून अन्न देणं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपल्या एका सहकारी परिचारिकेला १९७३ पासून २०१५ पर्यंत, ४२ वर्षं असं सांभाळलं. तिची दुखापत वेगळी होती, पण २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणात निकाल देताना या परिचारिकांच्या सेवेचा मोठ्या आदराने उल्लेख केला. दीर्घ बेशुद्धीत रुग्ण जातो तो बहुधा मेंदूच्या जखमेने जात नाही. फुप्फुसातल्या जंतुसंसर्गाने आणि पाठीच्या जखमांनी जातो. ते टाळणं घरच्यांच्या आणि परिचारिकांच्या हातात असतं.

आता समजा आपला मुलगा शुद्धीवर आला. लहान मेंदूची कहाणी खरी इथून सुरू होते, कारण बेशुद्ध माणसात तिचं काहीच दिसत नाही.

तो आईला ओळखतो, पाणी मागतो, पण शब्द तुटक येतात, एकेक अक्षर वेगळं काढल्यासारखे. आवाज मध्येच मोठा, मध्येच बारीक. डॉक्टर म्हणतात, माझ्या बोटाला बोट लाव आणि मग स्वतःच्या नाकाला. हात निघतो नीट. बोटाजवळ पोचता पोचता थरथरायला लागतो, जितकं जवळ तितकी थरथर जास्त, आणि शेवटी बोट गालावर आपटतं. हात मांडीवर स्वस्थ असताना मात्र काही हलत नाही. तळहात मांडीवर सुलटा-उलटा भराभर आपटायला सांगितला तर ताल मोडतो. बिघाड ज्या बाजूच्या लहान मेंदूत, त्याच बाजूच्या हातापायात. मोठ्या मेंदूसारखा उलट्या बाजूला नाही. म्हणूनच होम्स यांचे सैनिक स्वतःच्या दोन हातांची तुलना करू शकले. पुढे होम्स यांनी रुग्णाच्या बोटाला लुकलुकता दिवा बांधून हालचालीची छायाचित्रं घेतली. निरोगी हाताची रेघ सरळ आणि ठिपके समान अंतरावर, जखमी हाताची नागमोडी, ठिपके कुठे दाट कुठे विरळ. तेव्हाची ती चित्रं पाहिली की आजही दुसऱ्या स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

काहींना अपघातानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, बरं वाटत असताना, संथ आणि मोठी थरथर सुरू होते. तिला होम्स यांचंच नाव आहे. घरचे घाबरतात की दुखणं उलटलं. ते उलटलेलं नसतं. तुटलेल्या वाटेचा परिणाम उशिरा उमटतो.

आणि बिघाड फक्त हातापायांचा नसतो. बॉस्टनचे जेरेमी श्माहमान यांनी १९९८ साली दाखवून दिलं की लहान मेंदूच्या रुग्णांना कामाची आखणी करणं, नेमका शब्द सुचणं, भावनांना आवर घालणं यातही अडचण येते. पूर्वी शांत असलेला मुलगा क्षुल्लक गोष्टीवर चिडतो, नको तिथे हसतो. त्याला हट्टी म्हणू नका. हालचालींचा अंदाज बांधणारं यंत्र वागण्याचाही अंदाज बांधत होतं, आणि तेही जखमी झालं आहे.

पण सर्वांत मोठा अन्याय रस्त्यावर होतो. पाय फाकवून, झोकांड्या खात, अडखळत बोलत चालणारा माणूस आपल्याकडे दारुडा ठरतो. बसचा वाहक त्याला चढू देत नाही, पोलीस त्याच्या तोंडाचा वास घेतात, सोयरिकीच्या बोलण्यात ‘तो जरा तसाच आहे’ असं कुजबुजलं जातं. दारूनेही लहान मेंदूच बिघडतो, म्हणून दोघांची चाल सारखी दिसते, एवढंच. या माणसाची समज बहुधा त्याच्या बोलण्यापेक्षा कितीतरी चांगली असते आणि लोक आपल्याला काय समजतात हे त्याला नेमकं कळतं. अशा रुग्णांना खिशात निदानाचं कार्ड ठेवायला सांगणारे डॉक्टर आहेत. ते योग्यच करतात.

सुधारणा होते का? होते, आणि ठरलेल्या मुदतीनंतरही होते. १९८४ साली अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात गाडी अपघातात जखमी झालेला एक तरुण १९ वर्षं अर्धवट शुद्धीत होता. २००३ साली एके दिवशी तो आईला ‘मॉम’ म्हणाला. निकोलस शिफ आणि सहकाऱ्यांनी पुढच्या काळात त्याच्या मेंदूतल्या तंतूंचे स्कॅन दोनदा घेतले. दोहोंच्या मधल्या दीड वर्षात त्याच्या पायांची आणि हाताची हालचाल सुधारली होती, आणि त्याच काळात लहान मेंदूच्या मधल्या भागातले तंतू बदलल्याच्या खुणा दिसल्या. एका माणसावरून सगळ्यांना आशा लावणं चुकीचं आहे; त्याचं अपंगत्व शेवटपर्यंत राहिलं. पण अशा पुराव्यांमुळेच २०१८ साली अमेरिकी मेंदूतज्ज्ञांच्या संस्थेने डोळे उघडे पण ओळख नसलेल्या, एका वर्षाहून लांबलेल्या अवस्थेला ‘कायमची’ म्हणणं सोडलं. तरुण वय आणि लवकर सुरू झालेली फिजिओथेरपी या दोन गोष्टी जमेच्या. स्वित्झर्लंडचे हाइनरिश फ्रेन्केल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले व्यायाम आजही वापरतात: खाटेवर पडून टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून सावकाश खाली नेणं, डोळ्यांनी पाहत, मोजत, रोज. मनगटाला थोडं वजन बांधलं तर काहींचा घास तोंडापर्यंत पोचतो. लहान मेंदू जे न मागता करून द्यायचा, ते आता मोठ्या मेंदूने लक्ष देऊन करायचं, म्हणून हे रुग्ण लवकर थकतात. थकले की बसू द्या.

हे सगळं टळण्याजोगं होतं का, या प्रश्नाला इतिहासात एक स्पष्ट उत्तर आहे. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे अरबस्तानात लढलेला प्रसिद्ध लॉरेन्स, सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना मोटारसायकलवरून फेकला गेला. तो सहा दिवस बेशुद्ध होता, १९ मे रोजी वारला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतं. त्याला पाहायला बोलावलेल्यांत तरुण शल्यविशारद ह्यू केर्न्स होते. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या आणि मागे बसणाऱ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचं महत्त्व मांडणारा लेख लिहिला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने ते सक्तीचं केलं.

आपल्याकडे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट चालवणाऱ्याला जसं सक्तीचं तसं मागे बसणाऱ्यालाही. पण गावोगाव हेल्मेट असतं ते पुढच्याच्या डोक्यावर, किंवा त्याच्या कोपरात अडकवलेलं. मागे बसलेला माणूस आणि विशेषतः साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई गतिरोधकावर किंवा खड्ड्यात मागच्या मागे पडते, आणि पडते ती डोक्याच्या मागच्या बाजूवर. लहान मेंदू आणि खोड यांच्यावर. दुसरं हेल्मेट विकत घ्या, मागची बाजू मानेपर्यंत झाकणारं घ्या, आणि हनुवटीचा पट्टा लावा.

आणि तरीही कोणी पडलंच तर मानेला आधार द्या, मान न वळवता हलवा, १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसी ससेमिऱ्यापासून संरक्षण देणारं कलम १३४ अ कायद्यात २०१९ पासून आहे. पडलेला माणूस उठून ‘मला काही झालं नाही’ म्हणाला तरी डोक्याच्या मागे टेंगूळ असेल, उलटी होत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच दिवशी न्या, आणि पहिली रात्र त्याला एकट्याला झोपू देऊ नका.